रोमन सुभाषितं: वाक्य कोणाच्या तोंडचं, कुठल्या प्रसंगातलं?

दौतटाक

शाळेच्या वार्षिकांकात, वक्तृत्व स्पर्धेत आणि हल्ली यूपीएससीच्या नीतिशास्त्राच्या पेपरात (२०१३ पासून तो आला) रोमन लोकांची वाक्यं सढळ हाताने वापरली जातात. त्यातलं एक ठरलेलं: 'आपण शाळेसाठी नव्हे, जीवनासाठी शिकतो. – सेनेका.' वाक्य झकास आहे. अडचण एवढीच की सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने नेमकं उलटं लिहिलंय.

त्याने मित्र ल्युसिलियसला लिहिलेल्या पत्रांपैकी १०६वं पत्र काढा आणि थेट शेवटावर या. मूळ शब्द आहेत 'नोन विताए सेद स्कोलाए दिस्किमुस', म्हणजे 'आपण जगण्यासाठी शिकत नाही, शाळेसाठी शिकतो.' ही चक्क तक्रार आहे. 'चांगलेपण ही शरीर असलेली वस्तू आहे का?' असा स्टोइक या तत्त्वज्ञानपंथातला (सेनेका त्याच पंथाचा) एक काथ्याकूट ल्युसिलियसने विचारलाय. सेनेका त्याचं रीतसर उत्तर देतो: होय, कारण परिणाम घडवतं ते शरीरच, आणि चांगलेपण मनावर परिणाम घडवतं. उत्तर देऊन झाल्यावर मात्र तो स्वतःवरच वैतागतो. म्हणतो, आपण इथे सोंगट्या खेळत बसलोय (मूळ शब्द 'लात्रुंकुली', हा त्यांचा पटावरचा खेळ). यातून माणसं चांगली होत नाहीत, विद्वान होतात. जसा बाकी सगळ्यात आपला अतिरेक, तसाच विद्येतही. आणि मग ते वाक्य येतं. पुढे कोणीतरी शब्दांची अदलाबदल करून तक्रारीचं बोधवाक्य केलं आणि ते शाळांच्या दारांवर गेलं. दासबोधातला पढतमूर्खाचा समास (२.१०) आठवा, सेनेकाचं दुखणं त्याच जातीचं आहे.

तर धाग्याचा उद्देश असा: अशी वाक्यं इथे टाका, आपण ती मूळ जागी नेऊन बघू. तपासायची रीत थोडक्यात:

आधी आकडा शोधा. 'सेनेका' हा संदर्भ नाही, 'पत्र १०६, परिच्छेद १२' हा संदर्भ. गद्याला ग्रंथ-अध्याय-परिच्छेद, काव्याला आणि नाटकाला ओळ क्रमांक. आकडा कुठेच सापडत नसेल तर नव्वद टक्के वेळा वाक्य बनावट किंवा कोणाच्या तरी अनुवादातून घरंगळत आलेलं असतं.

मग वक्ता. नाटकातलं असेल तर ते पात्राचं मत, नाटककाराचं नव्हे.

मग मागची दोन आणि पुढची दोन वाक्यं. बहुतेक घोटाळा इथेच उघडा पडतो.

आणि लॅटिन मजकुरात शोधत असाल तर स्पेलिंग सांभाळा. काही आवृत्त्या 'व'साठी सगळीकडे यू छापतात, काही व्ही. 'नील' आणि 'निहिल' ही एकाच शब्दाची दोन रूपं. एका रूपात शोधून 'सापडलं नाही, म्हणजे खोटं' असा निकाल देऊ नका. शिवाय लॅटिनमध्ये शब्दक्रम सैल असतो, त्यामुळे अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधण्यापेक्षा त्यातले दोन कमी वापरातले शब्द शोधा.

निबंधवाला

वाचनखूण साठवली. 'मेन्स साना इन कोर्पोरे सानो' घ्या पहिलं. सुदृढ शरीरात सुदृढ मन. प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर आहे.

चिकित्सक

ज्युवेनल हा रोमन कवी, त्याचं दहावं उपहासकाव्य, ओळ ३५६. कवितेचा विषय: माणसं देवाकडे काय काय मागतात आणि मागितलेलं मिळालं की कशी बुडतात. सत्ता मागणारा सेजानस, वक्तृत्व मागणारे सिसेरो आणि डेमोस्थेनिस, युद्धातली कीर्ती मागणारा हॅनिबल, मग दीर्घायुष्य, मग देखणेपण. साडेतीनशे ओळी एकेकाची सालटी काढून झाल्यावर प्रश्न येतो, मग माणसाने मागायचं तरी काय? कवी म्हणतो, देवांवरच सोडा, त्यांना कळतं. पण तुम्हाला काही तरी मागायचंच असेल, देवळापुढे पांढऱ्या डुकराच्या पिल्लाची आतडी आणि पवित्र सॉसेज वाहायचीच असतील, तर 'सुदृढ शरीरात सुदृढ मन असावं' एवढं मागा.

म्हणजे वाक्याचं क्रियापद 'मागावं' हे आहे. 'व्यायाम केला की मन आपोआप सुधारतं' असं ज्युवेनल कुठेही म्हणत नाही. उलट पुढच्याच ओळींत मागणी मनाकडे सरकते: मरणाला न भिणारं, रागवायचं कसं हे ठाऊकच नसलेलं, कशाचा हव्यास नसलेलं मन. आणि लगेच कोपरखळी: हे सगळं तर तू स्वतःच स्वतःला देऊ शकतोस.

अवांतर: बुटांच्या आसिक्स कंपनीचं नाव याच वाक्यावरून, फक्त 'मेन्स'च्या जागी 'आनिमा' घालून पाच शब्दांची आद्याक्षरं घेतली आहेत.

खवचट

म्हणजे भिंतीवर वाक्य लिहिणाऱ्या व्यायामशाळेने दारात सॉसेजही ठेवायला हवं.

रिकामटेकडी

नाटकांचा मुद्दा आलाच आहे तर दोन नमुने.

'मी माणूस आहे, माणसाचं काहीही मला परकं नाही.' रोमन नाटककार टेरेन्स, 'हेआउतोन तिमोरुमेनोस' हे नाटक, इ.स.पू. १६३, ओळ ७७. मानवतावादाचा जाहीरनामा म्हणून हे वाक्य फिरतं. प्रसंग असा: मेनेडेमस नावाचा म्हातारा शेतात स्वतः राबतोय, कारण त्याच्या कडकपणाला कंटाळून मुलगा घर सोडून गेलाय आणि हा स्वतःला शिक्षा करून घेतोय. शेजारचा क्रेमेस येऊन चौकशा सुरू करतो. मेनेडेमस विचारतो, 'तुला स्वतःच्या कामातून इतकी सवड मिळते होय, की ज्याचा तुझ्याशी संबंध नाही त्यात नाक खुपसतोस?' त्यावर क्रेमेसचं हे उत्तर. म्हणजे भोचक शेजाऱ्याने केलेली सारवासारव! आणि पुढे नाटक त्याची पुरती जिरवतं: दुसऱ्याच्या मुलाबद्दल उपदेश करणाऱ्या क्रेमेसच्या स्वतःच्या घरात मुलगा आणि गुलाम मिळून त्याला गंडवत असतात, आणि त्याला पत्ता नसतो.

दुसरं, 'माणूस माणसाचा लांडगा.' हे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जच्या नावावर खपतं. त्याने १६४२ साली वापरलं हे खरं, पण मूळ रोमन नाटककार प्लाउटसच्या 'आसिनारिया'त, ओळ ४९५. गाढवांच्या विक्रीचे वीस मिना (ग्रीक चलन) घेऊन एक माणूस आलाय आणि एक गुलाम आपणच कारभारी असल्याची बतावणी करून ते पैसे मागतोय. पैसे आणणारा म्हणतो, 'माणूस माणसाला लांडगाच असतो, माणूस नव्हे, जोवर तो कसा आहे हे माहीत नसतं.' शेवटचा तुकडा कापला की मानवी स्वभावावरचा निर्णय होतो. तो ठेवला की 'ओळख पटल्याशिवाय पैसे देणार नाही' एवढाच व्यवहार उरतो. बँकेच्या काउंटरवर लावावं असं वाक्य आहे हे.

वर्गपाटी

माहितीपूर्ण धागा, पण एक हरकत. मूळ प्रसंगापासून तोडलं म्हणजे बिघडवलं, असं सरसकट धरू नका. क्रेमेसचं वाक्य सिसेरोने 'दे ऑफिकिइस' या कर्तव्यांवरच्या ग्रंथात (१.३०) घेतलंय आणि सेनेकाने ९५व्या पत्रात (परिच्छेद ५३), तेही पूर्ण गांभीर्याने. ते वाक्य छातीशी आणि ओठांवर असू द्या, असं सेनेका सांगतो. या दोघांना नाटक ठाऊक नव्हतं असं म्हणणार का? म्हणजे वाक्यं उचलण्याची सवय खुद्द रोमनांची. तुमच्या-आमच्या व्हॉट्सअॅपची नव्हे.

सेनेका तर उघड उचलायचा. ल्युसिलियसच्या पहिल्या २९ पत्रांत बहुतेक ठिकाणी शेवटी एखादं वाक्य 'आजचं देणं' म्हणून येतं, आणि त्यातली पुष्कळशी एपिक्युरसची, म्हणजे विरोधी पंथाच्या गुरूची! त्याचं समर्थनही आहे: 'मी शत्रूच्या छावणीत जातो, पण फितूर म्हणून नव्हे, टेहळ्या म्हणून' (२.५). 'जे खरं आहे ते माझं आहे' (१२.११).

दौतटाक

हरकत मान्य. पण वर्गपाटी, तुम्ही २९व्या पत्रावर थांबलात. ३३वं वाचा. ल्युसिलियसने मागणी केलेली दिसते की आधीसारखी वेचक वाक्यं आताही पाठवत जा. सेनेका साफ नाही म्हणतो. स्टोइकांच्या ग्रंथात सुटी फुलं वेचता येत नाहीत, सगळं अंग एकसंध आहे; एखादं झाड उठून दिसतं ते बाकीचं रान खुजं असल्यावर. सुटी वाक्यं पाठ करायला आपण मुलांना देतो, कारण बालबुद्धीला तेवढंच पेलतं. मोठ्या माणसाने टिपणवहीतून शहाणपण काढावं ही लाजेची गोष्ट. आणि मग स्टोइक पंथाच्याच दोन गुरूंची नावं घेऊन हा फटका: 'झेनो असं म्हणाला. बरं, तू काय म्हणतोस? क्लेआंथेस असं म्हणाला. तू काय म्हणतोस?'

म्हणजे उचलण्याला त्याची ना नव्हती, उचलून तिथेच थांबण्याला होती. पचवायचं कसं तेही दुसऱ्या पत्रात आहे, आणि ते अगदी हातात धरून चालवल्यासारखं आहे: फार पुस्तकं चाळू नका, जो सगळीकडे असतो तो कुठेच नसतो. सारखं उपटून लावलेलं रोप धरत नाही. मोजक्या लेखकांपाशी मुक्काम करा, दुसरीकडे वळावंसं वाटलं तरी परत त्यांच्याकडेच या. आणि रोज पुष्कळ वाचा, पण त्यातली एकच गोष्ट त्या दिवशी पचवायला बाजूला काढा.

निबंधवाला

'बालबुद्धीला तेवढंच पेलतं' हे जरा लागलं. मुलांना कुठली वाक्यं द्यायचे मग?

वर्गपाटी

मुख्यतः पुब्लिलिअस सिरसची. हा सिरियातून गुलाम म्हणून आणलेला, पुढे मुक्त झालेला मूकनाट्याचा (म्हणजे 'मिमस'चा, नावावर जाऊ नका, त्यात संवाद असत) लेखक आणि नट. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरसमोरच्या चढाओढीत याने लाबेरियस या दुसऱ्या मिमस-लेखकाला हरवलं. नाटकं गेली, पण त्यातल्या एकेका ओळीची सुभाषितं कोणीतरी वेचून वर्णानुक्रमे लावली, ती सुमारे सातशे शिल्लक आहेत. 'लवकर देणारा दोनदा देतो' हे त्याचंच, पण मूळ ओळीत 'गरजवंताला' हा शब्द पहिला आहे आणि तो नेमका गळतो. मध्ययुगात यातली बरीच वाक्यं सेनेकाच्या नावावर फिरली. त्यामुळे 'सेनेका' म्हणून एका दमात म्हणता येईल असं चुरचुरीत वाक्य दिसलं की आधी पुब्लिलिअसची वही बघावी.

आता शाळेत त्याचं करायचे काय? इथे क्विंटिलियनला पर्याय नाही. स्पेनमधल्या कालागुरिसचा, रोममध्ये सरकारी तिजोरीतून पगार घेणारा पहिला वक्तृत्वशिक्षक. वक्तृत्वशिक्षणावरच्या त्याच्या बारा खंडांतला पहिला खंड म्हणजे बालवाडीपासूनची कृतिपुस्तिका आहे.

अक्षरओळख: मुलांना अक्षरांचा क्रम आधी घोकायला लावू नका. का? तोंडाला क्रम पाठ झाला की डोळा अक्षराकडे बघतच नाही, मूल आठवणीवर पुढे धावतं. म्हणून आकार आणि नाव एकदमच शिकवा, क्रम उलटसुलट करा. खेळायला हस्तिदंती अक्षरं द्या.

गिरवणं: लाकडी पाटीत अक्षरं खोल कोरा. लेखणी खाचेतून फिरते, मेणावर घसरते तशी बाहेर जात नाही, आणि मास्तरला मुलाचा हात धरावा लागत नाही (१.१.२७).

पुढची पायरी कित्ता. त्यात अर्थहीन ओळी नकोत, काही चांगलं सांगणाऱ्या असाव्यात, कारण त्या म्हातारपणापर्यंत टिकतात (१.१.३५-३६). पुब्लिलिअसचा उपयोग इथे.

त्यानंतर 'क्रिया' नावाचा सराव (ग्रीक 'ख्रेइआ'): अमुक माणूस अमुक प्रसंगी असं म्हणाला किंवा असं वागला, हे वाक्य घेऊन सगळ्या विभक्तींतून फिरवायचं. आधी 'अमुक म्हणाला', मग 'अमुकचं म्हणणं असं', मग 'अमुकला असं वाटलं'. व्याकरणही होतं आणि वाक्य वळणावळणाने डोक्यात बसतं. नंतरच्या ग्रीक पाठ्यपुस्तकात, अफ्थोनियसच्या, त्याच वाक्यावर आठ टप्प्यांत निबंध: बोलणाऱ्याची स्तुती, वाक्याचा विस्तार, कारण, उलट बाजू, उपमा, उदाहरण, जुन्या कोणाची साक्ष, छोटा समारोप. निबंधवाले, लक्ष द्या: आपल्याकडच्या निबंधांत पहिला आणि आठवा टप्पा भरपूर असतो, तिसरा आणि चौथा गायब.

चिकित्सक

+१. क्विंटिलियनचं छडीबद्दलचं मतही सांगून टाका. 'ही रूढ आहे आणि क्रिसिपसचाही आक्षेप नाही, तरी मला शिकणाऱ्याला मारलेलं मुळीच चालणार नाही' (१.३.१४; क्रिसिपस हा स्टोइक तत्त्वज्ञ). त्याची कारणं भावुक नाहीत. मार हा अपमान आहे. ज्याला बोलणं लागत नाही तो माराला गुलामासारखा निर्ढावतो. आणि अभ्यास करून घेणारा कोणी रोज शेजारी असेल तर माराची वेळच येत नाही, म्हणजे मार हा मास्तरच्या आळसाचा पुरावा. शिवाय लहानपणी माराने वळवलेल्या मुलाला, तो मोठा झाल्यावर, कशाने वळवणार?

एकदम किती शिकवायचं यावर त्याची उपमा: अरुंद तोंडाच्या भांड्यावर घागर उपडी केली तर पाणी बाहेर सांडतं, धार बारीक धरली तर भरतं (१.२.२८).

रिकामटेकडी

मला त्याचा दहावा खंड जास्त आवडतो, कारण तो मोठ्यांच्या लिहिण्याबद्दल आहे. १०.३ मध्ये तो चक्क स्टेशनरीवर बोलतो. मेणाच्या पाट्या उत्तम, कारण खोडणं सोपं. नजर अधू असेल तर चर्मपत्र, पण त्यात लेखणी सारखी दौतीत बुडवावी लागते आणि विचार तुटतो. कशावरही लिहा, पण समोरचं पान मोकळं सोडा, नंतर सुचलेलं घालायला. मजकुराच्या दाटीत दुरुस्ती करायचा कंटाळा येतो.

आणि त्यातलाच एक तपशील: पाट्या फार रुंद नकोत. एक हुशार विद्यार्थी ओळी मोजून लिहायचा, पाटी रुंद असल्याने त्याचं भाषण कायम लांबायचं. वारंवार सांगूनही सुधारणा होईना. पाट्या बदलल्या, खोड गेली. स्वभावाला औषध नाही म्हणणाऱ्यांनी आधी पाटी बघावी.

संपादनाबद्दल १०.४: लिहिलेलं काही काळ बाजूला ठेवा, म्हणजे परत हातात घेताना ते दुसऱ्याचं वाटेल. ताजं लिखाण तान्ह्या बाळासारखं असतं, आपलं आपल्याला गोडच वाटतं.

निबंधवाला

दोन प्रश्न. सिसेरोचं 'पुस्तकांविना खोली म्हणजे आत्म्याविना शरीर' खरं का? आणि 'चुकणं हा मनुष्यधर्म'?

चिकित्सक

पहिलं या शब्दांत सिसेरोत नाही. जवळचं आहे ते मित्र अॅटिकसला लिहिलेल्या पत्रात (४.८), इ.स.पू. ५६. हद्दपारीहून परतल्यावर आंटियमच्या घरातली विस्कटलेली ग्रंथसंपदा टिरानियो या ग्रीक विद्वानाने लावून दिली. त्याआधी सिसेरोने अॅटिकसकडून डिंकाने गुंडाळ्या चिकटवणारे दोन कामगार मागवले होते, आणि नावाच्या चिठ्ठ्यांसाठी चर्मपत्र. हे सगळं झाल्यावर तो लिहितो, 'माझ्या घराला जणू मन आलं.' आता या दोन वाक्यांतला फरक बघा. बनावट वाक्य पुस्तकं विकत घ्या सांगतं. खरं वाक्य पुस्तकं लावून झाल्यावर आलंय.

'बाग आणि ग्रंथालय असेल तर काही कमी नाही' हेही असंच घासलं गेलंय. वॅरोला लिहिलेल्या पत्रात 'ग्रंथालयात बाग असेल तर' असं आहे.

'चुकणं' खरं, पण अर्धं. बारावं फिलिपिक (अँटनीविरुद्धच्या भाषणांपैकी), इ.स.पू. ४३: 'चुकणं कोणाही माणसाचं, चुकीला चिकटून राहणं फक्त मूर्खाचं.' अँटनीकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात सामील व्हायला सिसेरोने आधी होकार दिला होता. आता सिनेटसमोर तो शब्द फिरवतोय, आणि त्यासाठी हे वाक्य. म्हणजे दुसऱ्याला माफ करण्याचं वाक्य नाही, स्वतःचं मत भर सभेत बदलण्याचं आहे. 'चिकटून राहणं सैतानी' हे शेपूट नंतरच्या ख्रिस्ती काळातलं. सिसेरोच्या तोंडी सैतान घालू नका.

खवचट

आपल्याकडे 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' इथपर्यंतच म्हणून आळशीपणा सिद्ध करतात, 'चित्ती असू द्यावे समाधान' खाऊन टाकतात. रोमला कशाला जायला हवं?

दौतटाक

चपखल.

एक राहिलं, 'विर्तुस'. याचं भाषांतर सगळीकडे 'सद्गुण' होतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर शांत, सोशिक माणूस येतो. शब्द 'विर' म्हणजे पुरुष यावरून आला, हे सिसेरोच सांगतो (तुस्कुलाने, २.४३). जुना अर्थ रणांगणावरचं शौर्य. आपल्याकडे 'पौरुष' जवळ जातं, पण त्याने स्त्रिया बाहेर पडतात आणि नंतरचा व्यापक अर्थही. सिसेरो स्वतः तो शब्द ताणून चार बाजूंचा करतो (दे ऑफिकिइस, १.१५): सत्य ओळखणं, ज्याचं त्याला देणं, मनाचा मोठेपणा, आणि बोलण्या-वागण्यातलं माप. विवेक, न्याय, धैर्य, संयम म्हणा. चौथ्याला मात्र 'संयम' अपुरा आहे, कारण पुढे त्यातून निघणारा 'देकोरुम' म्हणजे सरळ सरळ 'औचित्य'. आपल्या काव्यशास्त्रातला शब्द तयार असताना तो का वापरू नये?

रिकामटेकडी

औचित्य ठीक. विर्तुससाठी मी 'शील' सुचवेन. मुंबई विद्यापीठाच्या 'शीलवृत्तफला विद्या'मधलं शील.

वर्गपाटी

शील म्हणजे असणं. सिसेरोचा भर करण्यावर आहे: 'विर्तुस सगळी वापरातच असते' (दे रे पुब्लिका, १.२). कला वापरली नाही तरी ज्ञानाने राखता येते, विर्तुस नाही. 'शील' पेटीत ठेवता येतं असं मराठीत वाटतं. मी 'विर्तुस' तसाच ठेवून पहिल्या वेळी एक ओळ खुलासा देईन.

निबंधवाला

मूळ वाचायला सुरुवात कुठून करू? परीक्षेला चार महिने आहेत.

दौतटाक

सेनेकाची २, ७, ३३, ८४, ८८, १०६ ही सहा पत्रं, याच क्रमाने. ७ मध्ये 'माणसं शिकवताना शिकतात' आहे, ८४ मध्ये मधमाशीची उपमा: रस गोळा करून त्याचा एकजीव मध करायचा. ८८ लांब आहे, दोन बैठका लागतील. त्यात चार हजार ग्रंथ लिहिणाऱ्या दिदिमसबद्दल सेनेका म्हणतो, एवढं फालतू त्याने नुसतं वाचलं असतं तरी मला त्याची कीव आली असती. लोएब ग्रंथमालेतला जुना इंग्रजी अनुवाद तीन खंडांत आहे.

रोजच्या सरावासाठी सेनेकाचंच 'दे इरा' ३.३६. सेक्स्टियस हा तत्त्वज्ञ दिवस संपताना स्वतःला तीन प्रश्न विचारायचा: आज कुठलं दुखणं बरं केलंस? कुठल्या दोषाला अडवलंस? कुठल्या बाबतीत सुधारलास? सेनेकाही करायचा. दिवा हलवला, आणि त्याची सवय ठाऊक असलेली बायको गप्प झाली की अख्खा दिवस तपासायचा आणि स्वतःला म्हणायचा, 'पुन्हा करू नकोस, या वेळी माफ.' लक्षात घ्या, हे रागावरच्या ग्रंथात आहे, त्यामुळे त्याची उदाहरणंही वादात जास्त बोलणं, एखाद्याला गरजेपेक्षा कडक सुनावणं अशीच आहेत.

आणि उत्तरपत्रिकेत संदर्भ देताना एक चूक टाळा: १२४ पत्रं वीस खंडांत विभागली आहेत, पण पत्रांचे आकडे सलग चालतात. '१२.११' म्हणजे बारावं पत्र, बारावा खंड नव्हे.